पावणेदोनाचा तास

बकुळा परब हे नाव शाळेत कोणी घेत नाही. त्या 'मोठ्या बाई'. आमच्याकडच्या मराठी शाळांत मुख्याध्यापिकेला असंच म्हणतात. साध्या बाई वर्गात असतात, मोठ्या बाई ऑफिसात. साध्या बाईंच्या मोठ्या बाई झाल्या की त्यांच्या हातातला खडू जातो आणि शिक्का येतो. याला बढती म्हणायची पद्धत आहे. मी स्वतः नायगावच्या एका शाळेचा मुख्याध्यापक आहे, तेव्हा अनुभवाने सांगतो, ही बढती म्हणजे उत्तम स्वयंपाक करणाऱ्या बाईला चुलीपासून उठवून गल्ल्यावर बसवण्यासारखी आहे.

बाई गणिताच्या. वडील गिरणीत साचे खात्यात होते, गाव मालवणकडचं. काळाचौकीच्या चाळीत वाढल्या, तिथल्याच शाळेत शिकल्या आणि तिथेच नोकरीला लागल्या. आवाज खणखणीत. रागावल्या की मालवणीत शिरत, आणि पोरं त्याची वाटच बघत, कारण मालवणीतल्या रागाची कुणालाच भीती वाटत नसे. त्यांच्या हाताखालून गेलेले लोक आज बँकेत आहेत, पोलिसात आहेत, एक तर माझ्याच शाळेत गणित शिकवतो आणि कधीमधी मला ऐकवतो, "परबबाई असत्या तर असं शिकवलं असतं." मी ऐकून घेतो.

मोठ्या बाई झाल्यावर मात्र गणित सुटलं ते सुटलंच. उरली ती माहिती. शाळेबाहेरच्या माणसाला ही भानगड कळणार नाही. सकाळी मोबाइलवर निरोप येतो: अमुक माहिती ताबडतोब भरा. दुपारी तीच माहिती दुसऱ्या नमुन्यात ताबडतोब. संध्याकाळी सकाळची माहिती चुकीची होती, ती दुरुस्त करून ताबडतोब. त्यात चाळी पाडायला निघाल्यापासून मुलं पांगली. कोणी संक्रमण शिबिरात, कोणी थेट बदलापूरला. पट घसरला आणि तुकड्या कमी झाल्या. मोठ्या बाईंचा दिवस मुलं मोजण्यात जायचा, मुलं बघण्यात नाही.

अशात आम्हाला प्रशिक्षणाला बोलावलं. शालेय नेतृत्व असा विषय. थंडगार सभागृह, पडद्यावर बाण आणि वर्तुळं, आणि टाय लावलेला एक मुलगा आम्हाला विचारतोय, "तुमचं स्वप्न काय?" माझ्या शेजारी लालबागच्या शाळेचे नाना रेडकर बसले होते. ते म्हणाले, "माझं स्वप्न जेवणाच्या सुट्टीचं." पलीकडे बकुळाबाई, आणि त्यांच्या पलीकडे गिरगावातल्या इंग्रजी शाळेच्या प्राचार्या वल्लरी तळपदे. वयाने आमच्यात सर्वांत लहान, बोलायला अतिशय गोड आणि त्यामुळे माझ्या मनातून आधीच उतरलेल्या.

जेवताना नाना अचानक गंभीर झाले. "आपण एकमेकांच्या घरी गणपतीला जातो, लग्नाला, बारशाला जातो. एकमेकांच्या शाळेत कशाला जातो? तर उत्तरपत्रिकांचे गठ्ठे आणायला. तुमच्या वर्गात काय चालतं मला माहीत नाही, माझ्या वर्गात काय चालतं ते तर मलाच माहीत नाही."

त्यातून आमचं सुरू झालं. महिन्यातून एका शनिवारी एकाच्या शाळेत जायचं. ज्याची शाळा त्याने स्वतः वर्गावर तास घ्यायचा, बाकीच्यांनी मागच्या बाकावर बसायचं आणि नंतर काय दिसलं ते बोलायचं. शाल नाही, नारळ नाही, स्वागतगीत तर मुळीच नाही. आमच्या शाळांतल्या लोकांनी लगेच याला 'मुख्याध्यापकांची भिशी' असं नाव ठेवलं. महिन्याला एकाचा नंबर लागतो, म्हणून.

पहिला नंबर नानांचा लागला. त्यांनी इतिहास घेतला आणि तासभर स्वतःच बोलत राहिले. दुसरा माझा. माझ्याबद्दल वल्लरी मॅडम म्हणाल्या, की सर खिडकीकडच्या ओळीला एकही प्रश्न विचारत नाहीत. मला राग आला. दुसऱ्या दिवशी वर्गात गेलो तर ते खरं निघालं, तेव्हा आणखी राग आला. वल्लरी मॅडमच्या वर्गात मुलं इतकी शिस्तीत होती की नानांनी विचारलं, "ही कधी चुकत नाहीत का?" त्यावर त्यांनी तो प्रश्न वहीत लिहून घेतला.

बकुळाबाई मात्र आपला नंबर पुढे ढकलत होत्या. एकदा परीक्षा, एकदा स्नेहसंमेलन, एकदा घसा. गिरगावातून परतताना एकदा मी त्यांना सरळ विचारलं. त्या चालता चालता थांबल्या.

"यतीन सर, मी मे अखेर स्वेच्छानिवृत्ती घेतेय. संस्थेच्या कार्यवाहांच्या कानावर घातलंय. एप्रिलात अर्ज देईन."

मी म्हणालो, "अहो, अजून वर्षं आहेत तुमची."

"असू देत. माझ्यात आता शिकवणारी बाई राहिलेली नाही. उगाच खुर्ची अडवून काय करू?"

 मनातून फार वाईट वाटलं, आणि खरं सांगायचं तर भीतीही वाटली. बकुळाबाईंमधली बाई संपली असेल तर आमच्यासारख्यांचं काय? नानांना आणि वल्लरी मॅडमना मी हे सांगितलं. तिघांनी मिळून बाईंना गळ घातली, की जायचंच असेल तर जा, पण आपला तास घेऊन जा.

शेवटी मार्चमधला एक शनिवार ठरला. सहावीचा वर्ग, अपूर्णांक.

आम्ही मागे जाऊन बसलो. फळा लखलखीत पुसलेला. बाई नवी साडी नेसून आलेल्या. टेबलावर पुठ्ठ्याच्या गोल भाकऱ्या, त्यांचे रंगीत तुकडे. बाईंनी विचारलं, ठराविक चार हात वर झाले, उत्तर अचूक आलं. पुन्हा प्रश्न, पुन्हा अचूक. नाना माझ्याकडे बघायला लागले. मग बाईंनी एक भाकरी हातात घेतली, अजून तोंड उघडलं नव्हतं, तोच दुसऱ्या बाकावरचा एक मुलगा उठून उभा राहिला आणि म्हणाला, "तीन छेद चार, बाई!"

वर्ग फिस्सकन हसला. बाईंचा चेहरा पडला.

आमच्या धंद्यातलं हे उघड गुपित आहे. कोणी बघायला येणार म्हटलं की आम्ही पाठ बसवतो. गिरणगावातली माणसं आम्ही, नाटकाची तालीम रक्तात आहे. कोणता प्रश्न, कोणाचा हात, कोणाचं उत्तर, सगळं ठरलेलं. साहेब खूश, आम्ही खूश, मुलांना सुटल्यासारखं वाटतं. पण इथे साहेब नव्हते, आम्हीच होतो.

वल्लरी मॅडमनी सावरून घ्यायचा प्रयत्न केला. "खूप सुंदर चाललाय तास, बाई."

"नाही," बाई म्हणाल्या. "हा तास काल झालाय."

"आणि परवा पण, बाई," पुढच्या बाकावरून मनवा नावाची मुलगी म्हणाली. तिला माहिती पूर्ण द्यायची होती, इतकंच.

बाईंनी भाकरी खाली ठेवली. मला वाटलं, त्या आता वर्गाबाहेर जाणार. त्या टेबलाला टेकून उभ्या राहिल्या आणि मुलांना म्हणाल्या, "बरं. येतं ते दाखवून झालं. आता येत नाही ते सांगा."

 मोठ्या बाईंना येत नाही ते सांगायची सवय कोणत्या मुलाला असते? मग तीच मनवा उठली. "बाई, ते पावणेदोन. ते माझं दर वेळी चुकतं."

"लिही बघू फळ्यावर."

तिने ठळक अक्षरांत लिहिलं: दोन पूर्णांक तीन छेद चार.

"चूक," बाई म्हणाल्या. "पावणेदोन म्हणजे एक पूर्णांक तीन छेद चार. पाठ करून टाक गो."

"पाठ आहे, बाई. पण असं का?" मनवा म्हणाली. "साडेदोन म्हणजे दोन आणि अर्धा. सव्वादोन म्हणजे दोन आणि पाव. मग पावणेदोन म्हणजे दोन आणि पाऊण व्हायला पाहिजे ना?"

 बाईंनी वर्गाला विचारलं, आणखी कोणाला असं वाटतं? अर्ध्याहून जास्त हात वर झाले. हे हात मात्र बसवलेले नव्हते. काही घाबरत घाबरत वर आले, शेजाऱ्याचा बघून.

मी मागे बसून विचार करत होतो, पोरगी चुकते आहे, पण तिचं तर्कशास्त्र बिनचूक आहे. 

मग बाईंनी जे केलं ते मी कोणत्याही शाळेत कोणत्याही मोठ्या बाईंना किंवा मोठ्या सरांना करताना पाहिलेलं नाही. त्यांनी भरल्या वर्गासमोर मागच्या बाकाकडे बघितलं आणि म्हणाल्या, "नाना, ही असं का लिहिते ते मला कळलं. तिला काय सांगायचं ते कळत नाही. या ना जरा पुढे."

नाना गेले. त्यांनी फळ्यावर घड्याळ काढलं. "पावणेदोनला मोठा काटा कुठे असतो?"

"सर, घरी पावणेदोन कोणी म्हणतच नाही," मनवा म्हणाली. "मम्मी वन फॉर्टी-फाइव्ह म्हणते."

नानांनी घड्याळ पुसून टाकलं. मग मी उठलो आणि सांगितलं, की भाषेत प्रत्येक नियमाला अपवाद असतो. मनवाने माझ्याकडे असं पाहिलं, की मी परत जागेवर जाऊन बसलो.

"मी एक सांगू?" वल्लरी मॅडम म्हणाल्या. "मी इतकी मोठी झाले, तरी माझा घोळ होतो. एकदा पावणेचारची मीटिंग होती, मी चार पंचेचाळीसला पोचले. सगळे निघून गेले होते. वॉचमन खुर्च्या उचलत होता."

पोरं खदखदून हसली. प्राचार्या आपल्यासारख्याच चुकतात हे ऐकून त्यांच्या अंगात बळ आलं असावं. जो तो आपला घोळ सांगायला लागला. त्या गलक्यात वल्लरी मॅडम बाईंना म्हणाल्या, "पण बाई, साडे आणि सव्वा मिळवतात, मग हाच एक वजा का करतो? त्या शब्दात वजाबाकी आहे कुठे?"

बाई फळ्याकडे वळल्या. तोंडाने पुटपुटत होत्या, "पावणे... पावणे... पाव..." आणि एकदम त्यांनी टेबलावर थाप मारली. भाकऱ्या खाली पडल्या.

"पाव उणे! अरे, पाव उणे!"

खडू मोडेपर्यंत दाबून त्यांनी फळ्यावर लिहिलं: पाव उणे दोन. "दोनाला पाव उणा आहे! पाव उणे दोन, पावणेदोन! वजाबाकी शब्दातच बसलीय!" आणि मग मालवणीत, "ह्यां माकाच म्हायत नव्हतां!"

मनवा अजून फळ्यापाशीच होती. ती हळूच म्हणाली, "मग पाऊण म्हणजे पण... पाव ऊण? एकाला पाव कमी?"

"एकाला पाव कमी! तीन छेद चार!" बाई ओरडल्या, आणि दोघी एकमेकींकडे बघून हसत सुटल्या. मागे पावणेतीन, पावणेचार, पावणेदहाचा नुसता गोंधळ उडाला. मनवाने आपलं आधीचं उत्तर पुसून नवं लिहिलं, तेव्हा कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत, कारण ज्याला त्याला स्वतःचंच लिहून बघायचं होतं. घंटा झाली तरी कोणी दप्तर भरेना. मला भरून आलं, आणि मी ते लपवलंही नाही. नाना तर उघड उघड डोळे पुसत होते.

नंतर ऑफिसात चहा घेतला. ठरल्याप्रमाणे काय दिसलं ते बोलून झालं. नाना आणि वल्लरी मॅडम निघून गेल्यावर मी मागे रेंगाळलो. टेबलावर जूनच्या वेळापत्रकाचा कच्चा कागद पडला होता. न राहवून मी विचारलं, "बाई, तुम्ही कंटाळून चाललात का?"

"कामाचा कंटाळा माणसाला घरी पाठवत नाही हो, सर," त्या म्हणाल्या. "मला वाटायला लागलं होतं, की आता मला कळायचं काही उरलेलं नाही. जे यायचं ते येऊन झालं. असं वाटणाऱ्या बाईने पोरांसमोर उभं राहू नये, म्हणून चालले होते."

मग त्यांनी तो कागद पुढे ओढला, सहावीच्या गणितासमोरची जागा रिकामी होती, तिथे 'परब' असं लिहिलं आणि माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "कार्यवाहांना फोन लावा जरा. मला बोलायला जमायचं नाही, रडू येईल."