नजरेचं माप

मास्तरांनी उभ्या आयुष्यात कुणाच्या कमरेला टेप लावली नव्हती. गिऱ्हाईक दुकानाची पायरी चढून खुर्चीवर टेकेपर्यंत त्याची छाती, बाही, उंची, सगळं मास्तरांच्या डोळ्यांत उतरलेलं असे. टेप गळ्यात असायची ती शोभेला. "टेप लावतो तो कारकून. शिंपी नुसता बघतो," असं ते म्हणत. हे वाक्य त्यांना इतकं प्रिय होतं की गिऱ्हाईक नसलं तर मशीनला ऐकवत.

अशा माणसाच्या पोटात रक्ताची गुठळी अडकली. आतडं काळं पडलं, जवळजवळ सगळं कापून टाकावं लागलं. गावभरचे कपडे बेतणारा स्वतःच आतून आखूड झाला. खाल्लेलं अंगी लागेना, म्हणून छातीतल्या नळीतून रात्रभर पातळ अन्न थेट रक्तात जाई. कपाटाशेजारच्या खुंटीला पिशवी आणि खाली मास्तर. "आता तुम्हालाच इस्त्री करून टांगायचं बाकी आहे," बायको म्हणायची. पण नळीतून पुन्हा पुन्हा जंतू शिरले, यकृतही थकलं, तेव्हा डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आता आतडंच बदलू."

कुणा अनोळखी मेलेल्या माणसाचं आतडं त्याच्या घरच्यांनी दिलं. मास्तर त्याला 'पाहुणा' म्हणू लागले. त्याचं एक टोक पोटावर बाहेर काढून त्यावर पिशवी चिकटवली होती. तिथूनच दुर्बीण घालून पाहुण्याची तब्येत बघायची.

घरी सोडताना सिस्टरनं खुणांचा एक प्लास्टिकचा मग दिला. "पिशवीतलं ह्यात ओतून माप बघायचं, मास्तर. वाढलं तर लगेच फोन. शरीर नव्या आतड्यावर उलटलं, की बरेचदा पहिली खूण हीच असते."

"मला मापाचा मग?" मास्तर हसले. "अहो, मी न मोजता कोट शिवतो!"

सिस्टरचा मग न्हाणीघरात उपडा पडून राहिला.

"किती झालं?" बायको बाहेरून विचारी.

"रोजच्याइतकंच."

आणि मास्तर खोटं बोलत नव्हते. पिशवी दर खेपेला अर्धीच भरलेली दिसे. फक्त खेपा वाढल्या होत्या. नजर एका वेळी एकच पिशवी बघते, हे त्या थोर नजरेला कुणी सांगावं? तहान लागे, पाय गळून जात. मास्तर म्हणत, हवा बदलली.

एका सकाळी उकडलेला बटाटा खाऊन ते उठले आणि पँट घसरली. शस्त्रक्रियेनंतर स्वतःसाठीच बेतलेली नवीकोरी पँट.

"कापड सैल झालं," मास्तर म्हणाले.

"कापड धुतल्यावर आटतं, हे मी सांगू तुम्हाला?" बायकोनं त्यांच्याच गळ्यातली टेप ओढली आणि कमरेभोवती घातली. "अहो, निम्मे वाळलात की! उठा, तो मग कुठाय?"

दोन-तीन खेपांतच तो प्लास्टिकचा मग काठोकाठ भरला. तिनं रुग्णालयात फोन केला.

सिस्टरनं बजावलं होतं तेच दुर्बिणीत दिसलं: शरीर पाहुण्याला हाकलायला निघालं होतं. "लवकर आलात म्हणून आशा आहे," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "नाही जमलं, तर आतडं काढावं लागेल."

म्हणजे पुन्हा ती खुंटी. शिरेतून जोरदार औषध सुरू झालं. मास्तर पोटाकडे बघत पुटपुटले, "बाबा रे, घरमालक अडाणी निघाला. पण तू राहा. जाऊ नकोस."

दोन माणसं एका अंगात भांडत होती आणि मास्तर मध्ये आडवे पडले होते, कसलंही मत नसलेले. त्यांना असं गप्प पहिल्यांदाच बघितलं, असं बायको अजून सांगते.

पाहुणा राहिला.

दुकान उघडलं त्या दिवशी जुना पोस्टमन पँट शिवायला आला. मास्तरांनी गळ्यातली टेप काढली.

"मास्तर, तुम्ही आणि टेप? डोळे गेले की काय?"

"डोळे शाबूत आहेत. त्यांचा माज गेला." त्यांनी कंबर मोजली, आकडा बघितला, पुन्हा मोजली. "एवढी? मी तर कायम दोन बोटं कमी धरत आलो."

पोस्टमन जरा घुटमळला. "हो ना. घरी गेलो की वरचं बटण काढूनच बसायचो. गावात सगळेच तसे बसतात. पण मास्तर, तुम्हाला सांगणार कोण?"

आतल्या खोलीतून बायकोचं हसू ऐकू आलं.

मास्तरांनी पोटावर हात ठेवला. निदान पाहुण्यानं तरी भीड ठेवली नव्हती.