पहिला घाव मावशींचा

वाशीमात अनसिंगची बस थांबते तिथं पालेभाजी विकणाऱ्या मावशी नसत्या, तर त्या दिवशी मी पिशवी भरून गावी निघून गेलो असतो. हे आधी सांगतो, कारण पुढचं जे काही चांगलं झालं ते त्यांच्यामुळे. आमची ओळख म्हणावी अशी नव्हती. दुपारी मी त्यांच्या टोपलीशेजारी बसून डबा खायचो आणि त्या न मागता कांद्याची पात पुढे करायच्या, एवढंच.

मी रत्नागिरीकडचा. आठवीत शाळा सुटली आणि माडावर चढून नारळ काढायला लागलो. उंचीची भीती नाही, बाकी सगळ्याची आहे. पाऊस लागायच्या आधी गावातल्या रस्त्यांवरच्या झाडांच्या धोक्याच्या फांद्या उतरवायच्या असतात. त्यासाठी चढणारा माणूस हवा म्हणून एका ठेकेदारानं मला वाशीमला आणलं. निंब झाले, गुलमोहर झाले. मग बसथांब्यावरच्या उंबराची पाळी आली.

त्या उंबराची एक जाड फांदी थांब्याच्या पत्र्यावर आडवी गेली होती. बेचक्यात तिला चीर पडलेली, त्यात माझा पंजा सहज जायचा. खाली दिवसभर माणसं, लहान पोरं बसची वाट बघत बसलेली. एका वादळात ती खाली येणार हे मलाही दिसत होतं. पण माझी बायको तिकडे पोटुशी होती. आमच्या घरात मानतात की बायको पोटुशी असताना नवऱ्यानं उंबरावर पहिला घाव घालू नये. पहिला घाव ज्याचा, दोष त्याच्या घराला. एरवी मी हसण्यावारी नेलं असतं. पण आमचं आधीचं मूल पोटातच गेलं होतं.

सोबतच्या दोघा गड्यांना म्हटलं, "पहिला कोयता तुम्ही लावा, पुढचं सगळं मी करतो."

"नाई बा," एकजण कानाला हात लावत म्हणाला, "आमच्या घरी दत्ताची पूजा हाय. उंबराले आमी हात नाई लावत."

"तूच लाव," दुसरा म्हणाला. "तू बाहेरगावचा. इथला देव तुले वळखत बी नाई. कोणाले सांगीन तो?"

दोघंही हसले. ठेकेदाराचा मुकादम हसला नाही. "उद्या सकाळी फांदी खाली पायजे. नाई जमत त आपलं गाठोडं बांध, दुसरा गडी पाहू."

मी आईला फोन लावला. ती घाबरीच झाली. "नको हां बाबा! घरात ती अवघडलेली नि तू उंबरावर कोयता घालतोस? ये निघून. पेज खाऊन राहू."

निघून जायचं, तर बाळंतपणाच्या तोंडावर हातात काम नाही. राहायचं, तर हा घाव. फोन ठेवून मी मावशींच्या टोपलीशेजारी बसलो. मावशींनी सगळं ऐकलं होतं.

"काहून तोंड पाडून बसला बे? बायकोले कितवा हाय?"

"सातवा."

"अन् भेव कायचं हाय? घावाचं, का पयल्या घावाचं?"

"पहिल्याचं," मी म्हटलं.

"मंग पयला मी घालतो. माह्ये लेकरं मोठे झाले, त्याईचे लगन झाले. माह्यावर काय यीन आता?"

मी नको नको म्हणालो. म्हटलं, दोष तुमच्या घरावर कशाला? त्या चिडल्या. "तू चूप बस. मले या झाडानं इतके वर्सं बसू देल्लं. माह्यं आयकते ते."

संध्याकाळी टोपली रिकामी झाल्यावर त्यांनी उंबराच्या बुंध्याला हळदकुंकू लावलं, द्रोणात दहीभात ठेवला आणि झाडाशी बोलल्या, शेजारणीशी बोलावं तशा. "उद्या तुही एक फांदी काढून राह्यलो. लोकायच्या डोक्यावर पडन म्हून काढतो, हौसेनं नाई. पाखरायले सांगून ठेव." सगळं नीट उरकून त्या घरी गेल्या.

सकाळी त्या भाजीचा विळा घेऊनच आल्या. फांदीचा शेंडा पत्र्याच्या कडेवरून खाली लोंबत होता. मावशी थांब्याच्या बाकावर चढल्या.

"ओ बाई, पडान ना!" बसमधून कंडक्टर ओरडला.

"तू तुही गाडी पाय!" म्हणत त्यांनी डहाळी ओढली आणि विळा चालवला. पांढरा चीक त्यांच्या मनगटावर ओघळला. तो पदराला पुसत त्या म्हणाल्या, "घे. झालं. चढ आता."

मी चढलो. फांदी वरच्या खोडाला दोरानं बांधली, शेंड्याकडून तुकडे करत आलो. प्रत्येक तुकड्याला आधी खालून थोडी चीर, मग वरून करवत, म्हणजे साल ओरबाडून निघत नाही. गड्यांनी दोर हळूहळू सोडला. पत्र्याला पोचासुद्धा आला नाही. शेवटचा तुकडा जमिनीला टेकला तेव्हा छातीवरचं ओझं उतरलं. बेचक्यातली चीर आतून काळी, कुजलेली निघाली. मुकादमानं वाकून ती पाहिली, मग स्वतःच चहा घेऊन आला.

आईला कळवलं. पहिला घाव भाजीवाल्या मावशींनी घातला म्हटल्यावर ती म्हणाली, "देव तिचं भलं करो. जेवलास का?"

पावसाळ्यात मुलगी झाली. दोघी सुखरूप. मी तेव्हा अजून वाशीमलाच कामावर होतो; धावतच मावशींना सांगायला गेलो. त्या गिऱ्हाईकाला मेथी देत होत्या. "मले मालूमच होतं," म्हणाल्या आणि पुन्हा गिऱ्हाईकाकडे वळल्या, "घेता का बाई जुडी, का नुसतं आयकता?"

दोष खरा का खोटा, मला ठाऊक नाही. मावशी मात्र तो खरा धरून बाकावर चढल्या होत्या आणि कुणा परक्याच्या पोरासाठी त्यांनी तो आपल्या घरावर घेतला होता. अजून तरी त्यांच्या घरी सगळं ठीक आहे. मी अधूनमधून विचारतो, त्या वैतागतात. पण कधीकाळी त्यांच्या घरावर काही वेळ आलीच, तर मी कोकणात असलो, कुठंही असलो, तरी मिळेल त्या गाडीनं येईन आणि त्यांच्या दारात उभा राहीन. हा माझा मावशींना शब्द आहे.