एकही कर्ज न बुडालेली शाखा

बँकेत किस्से ठेवीसारखे साठत जातात. फरक एवढाच, की ते काढून न्यायला कुणी येत नाही. माझे बहुतेक किस्से देवणीच्या शाखेतले. लातूर नुकताच वेगळा जिल्हा झाला होता आणि वर दुष्काळ. शाखेत मी कॅशियर, केरबा शिपाई आणि मॅनेजर जोशी साहेब.

साहेबांच्या आधीच्या शाखेत बरीच कर्जं बुडाली होती. बिचाऱ्यांनी धसकाच घेतला होता. इथं एकही कर्ज बुडू द्यायचं नाही, म्हणून ते देतच नसत!

एका शिंप्याला शिलाई मशीन हवी होती. साहेबांनी विचारलं, तू आजारी पडलास तर? म्हणाला, बायको शिवंल. तीही पडली तर? भाऊ हाय की. भाऊही पडला तर? शिंपी उठला.

"ऱ्हाऊ द्या साहेब. तुमच्या कर्जापायी माझं समदं घर आजारी पडून राहिलंय."

मग बँडवाला आला. साहेबांनी त्याला जिल्ह्याचा दाखला मागितला. लातूरवाले म्हणाले, कागद अजून उस्मानाबादलाच आहेत. उस्मानाबादवाले म्हणाले, तुम्ही आता लातूरचे. तो परत येऊन म्हणाला, "सध्या मी कुठलाच न्हाई." साहेबांना हायसं वाटलं. अशा माणसाला कर्ज देताच येत नाही ना!

पुढं बँकेच्या लातूरच्या नव्या ऑफिसातून पत्र आलं. पहिलीच ओळ, थकबाकी शून्य. तेवढ्यावरच साहेबांनी केरबाला पेढे आणायला पिटाळलं. पेढे येईपर्यंत खालचा मजकूर वाचून झाला. कर्जं नाहीत म्हणून व्याज नाही, मग शाखा चालवायची कशावर? मार्चपर्यंत कर्जं वाटा, नाहीतर शाखा उदगीरला हलवू. केरबाचं आणि माझं घरदार देवणीत. शाखा हलली तर आमचं बिऱ्हाडही हलणार. पेढा मात्र मी खाल्ला.

साहेब स्वतः शिवलिंगअप्पांच्या दुकानी गेले. अप्पा गावातले लई जपून चालणारे व्यापारी, बँकेची पायरी कधी न चढलेले. जनावरांच्या पेंडीचं दुकान वाढवा, कर्ज आम्ही देतो, अशी साहेबांनी गळ घातली. अप्पांनी पोटभर जेवू घातलं, पण हो काही म्हटलं नाही.

दुसऱ्या दिवशी अप्पा बँकेत हजर. त्यांनी तिजोरी हलवून पाहिली, छत न्याहाळलं, पगार वेळेवर होतो का ते मला विचारलं. मग साहेबांच्या समोर बसले.

"कर्ज घेतो. पर तुमी उदगीरला गेलाव, तर हप्ता भरायला मी तिथवर येनार न्हाई. बँक हितंच ऱ्हाईल म्हनून दोन जामीन द्या."

साहेबांनी कोरा कागद आमच्यापुढं सरकवला. मी सही केली, केरबानं अंगठा उठवला.