सायबिणीची दोन मिनिटं

बाईचा फोन आला तेव्हा मी कॉलेजच्या वाचनालयात परत आलेली पुस्तकं कपाटात लावत होतो. बाई म्हणजे माझी मोठी बहीण. आमच्याकडे मोठ्या बहिणीला बाईच म्हणतात. तिच्या आवाजामागे एक संथ, एकसारखी घरघर ऐकू येत होती. "बाबू, हे गाडीत बसले आहेत आन् बोलून नाई राह्यले... गाडी चालूच आहे. मले बंद करता येत नाई." मी म्हणालो, "किल्ली उलटी फिरव." इतके आठवडे झाले, तरी मला कळत नाही की त्या क्षणी मला दुसरं काहीच कसं सुचलं नाही. शेजाऱ्यांना हाक मार, डॉक्टरांना बोलाव... काहीच नाही. किल्ली उलटी फिरव. तिने ती फिरवली असावी, कारण घरघर थांबली. आणि थांबल्यावर बाई रडायला लागली.

ब्रह्मपुरीहून भद्रावतीला पोचलो तोवर यादवभाऊजींना घरात आणून निजवलं होतं. हृदय बंद पडलं, असं डॉक्टर म्हणाले. ते पेट्रोल भरून आले, अंगणात गाडी लावली आणि स्टिअरिंगवर हात ठेवून बसल्या बसल्या गेले. इंजिन त्यानंतर पंधरा-वीस मिनिटं चालू होतं. ना गरम झालं, ना अडखळलं. बाई स्वयंपाकघरात होती. तिला आवाज येत होता. ती मला पुन्हा पुन्हा एकच वाक्य सांगत राहिली, "मले वाटलं, सायबीण दम घेऊन राह्यली."

हे वाक्य समजायला सायबीण कोण ते सांगायला हवं. भाऊजी माजरीच्या कोळसा खाणीत फिटर होते. आयुष्यभर त्यांनी डंपरचे टर्बो उघडले, साफ केले, बसवले. निवृत्त झाल्यावर नागपुरात कुणाच्या तरी शेडमध्ये ताडपत्रीखाली पडलेली एक जुनी, दोन दारांची जपानी स्पोर्ट्स कार त्यांना दिसली. पेट्रोलची, आणि टर्बोची. ट्रकवर घालून ती भद्रावतीला आली तेव्हा बाई दारातूनच म्हणाली, "हे कोणती सायबीण आणली घरात? हिले बसायले पाट देऊ का खुर्ची?" नाव तेच राहिलं.

सायबिणीची ताकद वाढवायची, पण ती रस्त्यात कधीही बंद पडता कामा नये, एवढंच त्यांचं म्हणणं होतं. मला यंत्रातलं काही कळत नाही. पण मी पुस्तकांतला माणूस, म्हणून त्या गाडीचं इंग्रजी मॅन्युअल मी शोधून, छापून नेलं आणि ओट्यावर बसून त्यांना मराठीत सांगू लागलो. ते चहाच्या बशीत फुंकर घालत ऐकायचे. "बोला पुस्तकवाले, का म्हणते तुमचं पुस्तक?" मी सांगितलं, इंजिनातून निघालेल्या गरम धुराने टर्बोची चकती फिरते, ती बाहेरची हवा दाबून इंजिनात भरते; हवेचा दाब वाढवला की ताकद वाढते. "बरोबर आहे," ते म्हणाले. "आन् इंजिन फुटते, ते कोणत्या पानावर आहे?"

पहिलं वर्षभर त्यांनी ताकदीला हातच लावला नाही. चारही सिलिंडरचं कॉम्प्रेशन मोजलं, रबराचे सगळे पाइप बदलले, ब्रेक नवे केले. मग मोठा रेडिएटर. मग टर्बोची तापलेली हवा थंड करणारा इंटरकूलर, तोही एका भंगारातल्या मोठ्या गाडीचा, कापून, वेल्ड करून बसवला. मग पेट्रोलचा पंप, कारण जास्त हवेला जास्त पेट्रोल लागतं आणि ते कमी पडलं की पिस्टन वितळतो. मी कंटाळून विचारायचो, "भाऊजी, वाढली का ताकद?" ते म्हणायचे, "आधी हे थंड राहणं शिकून राह्यली. काऊन जल्दी करतोस?" सगळ्यात शेवटी त्यांनी दाब ठरवणारा एक छोटा पितळी स्क्रू बसवला. मूळ सात पौंडांचा दाब दहावर नेला आणि तिथे थांबले. चंद्रपूरचे गॅरेजवाले पंधरा म्हणत होते. भाऊजींनी बाईकडून नेलपॉलिश मागून घेतलं आणि स्क्रूपाशी दोन खुणा केल्या. लाल खूण दहाची, हिवाळ्यासाठी. गुलाबी खूण आठची, उन्हाळ्यासाठी. आमच्याकडच्या मे महिन्यात हवाच इतकी तापलेली असते की दाब जास्त ठेवला तर इंजिन आतून ठोके द्यायला लागतं. होळी झाली की गुलाबी, दिवाळी झाली की लाल. हे त्यांनी कधी चुकवलं नाही.

एवढं करून ते गाडी चालवायचे कशी, तर लोहाऱ्याचं जंगल लागलं की चाळीसने. मी चिडवलं तर म्हणायचे, "रानडुक्कर आडवं आलं तं त्याले का सांगू, दहा पौंड आहे, सरक म्हणून?" मूलच्या पुढे धानाच्या बांध्यांमधला सरळ, रिकामा रस्ता आला की मात्र एकदाच पाय दाबायचे. माझी पाठ सीटला चिकटायची. ते हसायचे नाहीत, फक्त काट्यांकडे बघायचे.

आणि घरी पोचल्यावर ती दोन मिनिटं. पळून आलेल्या गाडीचा टर्बो लालबुंद तापलेला असतो. इंजिन एकदम बंद केलं तर त्याच्याकडे जाणारं ऑइल थांबतं आणि आतल्या आत जळून चिकटतं. म्हणून गाडी उभी करून दोन मिनिटं इंजिन नुसतं चालू ठेवायचं. "तिले दम घेऊ दे," म्हणायचे. तेवढा वेळ आम्ही दोघं बसून राहायचो. मी अबोल, तेही अबोल. पण त्या दोन मिनिटांत ते बोलायचे. खाणीतल्या पहिल्या दिवशी पळून यावंसं वाटलं होतं, हे मला तिथेच कळलं. बाईला पहिल्यांदा बघायला आले तेव्हा पायात मित्राच्या चपला होत्या, हेही. विचार केला तर आमचं सगळं नातं त्या दोन-दोन मिनिटांचंच आहे.

ते गेले त्याच्या पाचेक आठवडे आधी आम्ही मार्कंड्याला गेलो होतो. वैनगंगेच्या काठी बराच वेळ बसलो. परतताना मूलचा सरळ रस्ता आला आणि गेला. त्यांनी पाय दाबला नाही. मी काही विचारलं नाही. घरी पोचून ते इंजिन चालू ठेवून बसले. दोन मिनिटं झाली, चार झाली, आठ झाली. ते काहीच बोलत नव्हते. थंडीचे दिवस होते आणि त्यांच्या कपाळावर घाम होता. मी तो पाहिला. पाहिला, हे मला इथे लिहायलाच हवं. आणि म्हणालो, "भाऊजी, झाली की दोन मिनिटं. माझी बस जाईल."

"जा तू," ते म्हणाले. "घेऊ दे दम."

मी गेलो. चंद्रपूरची बस मिळाली, खिडकीही मिळाली. दम कोण घेत होतं... त्यांनी त्या दिवशी "तिले" म्हटलं नव्हतं. की म्हटलं होतं आणि मीच आता ते गाळतोय? आठवायला गेलो की दोन्ही वाक्यं त्यांच्याच आवाजात ऐकू येतात.

तेराव्यानंतर मी बॉनेट उघडलं. स्क्रू गुलाबी खुणेवर होता. पौषाच्या थंडीत, उन्हाळ्याच्या खुणेवर. कधी फिरवला? काऊन फिरवला? इंजिनात काही ठोका ऐकला असेल. किंवा आपल्याच छातीत. किंवा दिवाळीला लालवर न्यायचं या वर्षी राहूनच गेलं असेल, माणसं विसरतात. मी मॅन्युअल पुन्हा वाचून काढलं, जणू त्यात कुठे तरी हे असणार होतं.

गाडी पंधरा दिवसांतून एकदा चालवायचीच, हा त्यांचा नियम. मागच्या रविवारी मी बाईला शेजारी बसवून वरोऱ्याच्या रस्त्याने थोडं फिरवून आणलं. अंगणात गाडी उभी केली आणि सवयीने किल्लीकडे हात नेला.

"थांब," बाई म्हणाली. "दम घेऊ दे तिले."

आम्ही बसून राहिलो. इंजिन फोनमध्ये ऐकलं होतं तसंच घरघरत होतं. मग मी तिला सांगितलं. मूलचा रस्ता, आठ मिनिटं, घाम, बस. सगळं. ती समोरच्या काचेकडे बघत होती.

मग म्हणाली, "मी तं त्या दिवशी कणीक मळून राह्यली होती. आवाज लई वेळ येऊन राह्यला, हे मले समजत होतं, बाबू. म्हटलं, हातचं झालं की जातो."

तापमानाचा काटा मधोमध होता, त्यांनी ठेवला होता तसा. दोन मिनिटं कधीच होऊन गेली होती. किल्लीला हात कोणी लावायचा, तेच आम्हाला कळत नव्हतं.