अक्कांनी न पाहिलेलं तळं

लडाखला जाण्याआधीच्या सरावात धुळ्याजवळच्या लळिंगच्या किल्ल्यावर जी सगळ्यांत आधी पोचेल, ती अक्कांच्या लेखी नापास. आम्ही घामाघूम होऊन मोठ्या ऐटीत तटावर उभ्या राहायचो. अक्का मागून रमतगमत यायच्या, बाटलीतलं घोटभर पाणी प्यायच्या आणि पहिल्या आलेलीला म्हणायच्या, "तू लेहले पहिलाच दिन आडवी पडशी. घाई कोनले शे?" ज्या बाईनं उभी हयात धुळ्याच्या शाळेत शिट्टी फुंकून आम्हाला पळवलं, तिनं निवृत्तीनंतर सावकाश चालायला शिकवावं, हे आम्हा जुन्या विद्यार्थिनींच्या पचनी पडायला फार वेळ लागला. मला तर राग यायचा. शाळेत मागे राहिले म्हणून याच बाईंनी मला मैदानाला फेऱ्या मारायला लावल्या होत्या.

दर उन्हाळ्यात अक्का खान्देशातल्या बायकांचा एक गट लडाखला न्यायच्या. त्यांची कंपनी नव्हती की दारावर पाटी नव्हती. एकीनं दुसरीला सांगायचं, दुसरीनं तिसरीला, आणि गट जमायचा. चाळीसगावची मी, दोंडाईच्याच्या काकू, पारोळ्याची एक शिक्षिका, यावलकडच्या केळीच्या बागाईतदारांच्या घरातल्या दोघी-तिघी. विमानानं झटकन जाऊ, असं दरवर्षी कुणीतरी म्हणायचंच. अक्का ऐकायच्या नाहीत. रेल्वेनं जम्मू, तिथून गाडीनं श्रीनगर, कारगिल, असं मुक्काम करत करत त्या आम्हाला वर चढवायच्या. शरीराला उंचीची सवय एकदम होत नाही, ती रोज थोडी थोडी लावावी लागते, असं त्यांचं म्हणणं. लेहला पोचल्यावरही दोन दिवस नुसतं पडून राहायचं. बाजार नाही, मठ नाही, जिना चढताना गप्पा नाहीत. आमच्याकडच्या बाईला पहाटेपासून कामाची सवय, तिला नुसतं पडून राहायला सांगणं म्हणजे शिक्षाच. एक वर्षी मी अंथरुणात पडल्या पडल्या उतरलो होतो त्या घरच्या मालकिणीची मेथीची जुडी निवडली, तीही अक्कांनी काढून घेतली.

फराळाची गंमत वेगळीच. बिबडे, शेव, कळण्याचं पीठ, केळ्याचे वेफर्स, असं अर्धं घर बांधून आम्ही निघायचो. कारगिलच्या पुढे एकदा वेफर्सची पाकिटं टम्म फुगली. यावलच्या वहिनींनी माल बिघडला म्हणून ती टाकायला काढली, तेव्हा अक्का म्हणाल्या, "माल बरा शे. वरली हवा पातळ शे. तुनं पोट बी असंच फुगी, रातले भरीत कमी खाय." वहिनींनी मानलं नाही. पुढचं वर्णन करत नाही.

रोज सकाळी चहाच्या आधी अक्का प्रत्येकीच्या बोटाला प्राणवायू मोजायचं ते चिमट्यासारखं यंत्र लावायच्या. पण त्यांचा खरा भरवसा एका प्रश्नावर असायचा. समोर उभ्या राहून डोळ्यांत बघत त्या विचारायच्या, "डोकं?" दुखत असेल तर सांगायचं. मग ती बाई त्या दिवशी वर जाणार नाही, हे ठरलेलं. कापराची पुरचुंडी हुंगायला त्यांची हरकत नव्हती, पण कापूर म्हणजे प्राणवायू नव्हे, हे त्या बजावून सांगायच्या. शिवाय कुणाच्या ताटात काय उरलं, यावर त्यांची बारीक नजर असायची. भूक मेली की डोकं धरणार, हे त्यांना ठाऊक होतं. आणि कार्यक्रमात एक दिवस त्या कायम राखीव ठेवायच्या. त्या दिवशी काय करायचं, असं विचारलं की म्हणायच्या, "काहीच नही. तो अडीनडीले शे."

एवढं करूनही दरवर्षी कुणीतरी आजारी पडायचंच, आणि नेमकं पँगाँगच्या तळ्याला जायच्या वेळी. अक्का आम्हाला गाडीत बसवून द्यायच्या आणि स्वतः लेहला त्या बाईच्या उशाशी बसायच्या. राखीव दिवसही बहुतेकदा तिचं दुखणं निस्तरण्यातच जायचा. आम्ही तळं पाहून परत आलो की त्यांच्याभोवती गोळा व्हायचो. पण कुणी रंगाचं नाव काढलं, फोनमधला फोटो पुढे केला, की त्या फोन हातानं पालथा करायच्या. "सांगू नका व माय. मी स्वता देखसू." वर्षामागून वर्षं हेच. एवढ्या वेळा लडाखला जाऊन अक्कांनी ते तळं पाहिलं नव्हतं.

अक्का आल्या त्या शेवटच्या वर्षी आम्ही बायकांनीच मनावर घेतलं. या खेपेला कुणीही आजारी पडायचं नाही, अक्कांना तळं दाखवायचंच. तसं चाळीसगावच्या फलाटावर त्यांच्या समोरच ठरलं. अक्का लाजल्या. त्यांना लाजताना मी पहिल्यांदाच पाहिलं. आम्ही सगळ्या शहाण्यासारख्या वागलो. पाणी प्यायलो, कमी खाल्लं, लेहला दोन दिवस मुकाट्यानं पडून राहिलो. तळ्याला जायच्या सकाळी अक्का सगळ्यांच्या आधी तयार होत्या, नवीन स्वेटर घालून. दोंडाईच्याच्या काकूंनी डोक्याला रुमाल घट्ट बांधला होता. आमच्याकडे उन्हासाठी सगळ्याच बांधतात, त्यामुळे कुणाला काही वाटलं नाही.

"डोकं?" अक्कांनी विचारलं.

"काहीच नही, अक्का. झकास शे," काकू म्हणाल्या. त्यांचं ताटही स्वच्छ होतं.

तळ्याच्या वाटेवरच्या उंच खिंडीत गाड्या थांबल्या. आजूबाजूला बर्फ, फोटोंची झुंबड. काकू गाडीतून उतरल्या आणि त्यांचा पाय एकीकडे टाकला तर दुसरीकडेच पडायला लागला. अक्कांनी त्यांना धरलं, तेव्हा त्या घरच्या ओट्याशी उभ्या असल्यासारख्या घोगऱ्या आवाजात म्हणाल्या, "गॅस बंद करा ना मी?" अक्कांचा चेहरा उतरला. ड्रायव्हर म्हणाला, पुढे उतारच आहे, तळ्यापाशी पोचल्यावर बरं वाटेल. "तळं खिंडीपेक्षा खाली असेल, पण लेहपेक्षा वरच आहे," अक्का म्हणाल्या. "गाडी मागे घ्या." दुसऱ्या गाडीतल्यांना त्यांनी पुढे पाठवलं. मी काकूंना धरून मागे बसले, नाकाशी प्राणवायूची नळी. गाडी वळताना अक्कांनी पुढच्या रस्त्याकडे एकदा पाहिलं. मला ते बघवलं नाही.

लेहच्या दवाखान्यात संध्याकाळपर्यंत काकू माणसात आल्या. त्यांचं ओळखपत्र शोधताना मला त्यांच्या पर्समध्ये हातरुमालात गुंडाळलेली सकाळची भाकरी सापडली. मी ती अक्कांना दाखवली. काकू रडायलाच लागल्या. "डोकं आदल्या रातपासून दुखे. तुमले तळं देखाले भेटी म्हनीसन मी सांगं नही, अक्का."

"मंग राखीव दिन मी कसाले ठेवस? बरनीमा घालाले?" अक्का कडाडल्या. तीच शाळेतली शिट्टी. काकूंनी सकाळी खरं सांगितलं असतं, तर आम्ही सगळ्या एक दिवस थांबलो असतो, डोकं उतरलं असतं आणि दुसऱ्या दिवशी सगळ्या मिळून तळ्याला गेलो असतो. आता तो दिवस दवाखान्यात जाणार होता आणि परवा परतीची गाडी होती.

नंतर अक्का बाहेर पायरीवर येऊन बसल्या. राग ओसरला होता. "तिनी काय चूक?" त्या म्हणाल्या. "नेणारा मानूसनी सोतानी हौस सगळासले कळू देवाले नको. मन्हा तोंडावर हौस दिसनी, म्हनून ती दुखनं लपाडत बसनी." इतक्या वर्षांत त्यांनी हौस दाखवली ती एकदाच, आणि त्याचीही त्यांनी स्वतःलाच शिक्षा केली, याचं मला आजही वाईट वाटतं.

पुढच्या वर्षी धुळ्याच्या डॉक्टरांनी त्यांचं हृदय तपासलं आणि उंचावर जायला कायमची बंदी केली. गट मी नेला. लळिंगवर मी सगळ्यांच्या मागून चढले, लेहला रोज डोळ्यांत बघून "डोकं?" विचारलं, आणि उत्तर आल्यावरही थोडा वेळ हलले नाही. कुणीच आजारी पडलं नाही. अक्कांना जाऊन आता वर्ष होत आलं, पण त्या खेपेहून परतल्यावर त्यांना भेटायला गेले तो दिवस माझ्या मनातून जात नाही.

त्या धुळ्याला, देवपुरातल्या घरी खिडकीशी बसल्या होत्या. मी नेहमीप्रमाणे फोन पिशवीतच ठेवला. रस्ता कसा होता, यावलच्या वहिनींनी काय खाल्लं, काकूंनी दोंडाईच्याहून रोज फोन करून कशी चौकशी केली, सगळं सांगितलं. तळ्याचं नाव काढलं नाही. अक्कांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"आते सांग," त्या म्हणाल्या.

"सगळं सांगितलं की, अक्का."

"तळं. आते सांग."

इतकी वर्षं जे ओठांशी अडवून धरलं होतं, ते सांगायला मी तोंड उघडलं आणि रंग, वारा, डोंगर सगळं एका दमात सांगायला लागले. अक्कांनी माझा हात आपल्या मांडीवर घेतला आणि डोळे मिटले.

"धीरेधीरे सांग," त्या म्हणाल्या. "घाई कोनले शे?"