क्लीनरच्या जागेवर कॅमेरा

हिवाळ्यात अर्धापूरच्या फाट्यावर आम्ही डायव्हर लोक शेकोटीला बसलो की एकाचं ऐकून दुसऱ्याला दोन आठवतात. लाकडं संपतात, बोलणं संपत नाही.

आमच्या केळीच्या गाड्या. नांदेडहून दिल्ली, अन् आता एकट्यानं. आता धंदा मालकांचा मुलगा बघतो; त्या छोट्या मालकांनी क्लीनर काढले आणि त्यांच्या जागी केबिनमध्ये कॅमेरे बसवले. क्लीनर काच पुसायचा, डोळा लागला की मांडीवर चापट मारायचा. कॅमेरा नुसता बघतो अन् चुगली करतो. मी शाळेत गेलेलो नाही, पण बघणारा आणि सोबत करणारा एक नसतो, एवढं मलाही कळतं.

•

नागपूरच्या पुढं झाडाखाली गाडी लावली. लगेच फोन. आमची गाडी मालकांच्या मोबाईलवर ठिपका होऊन दिसते म्हणे.

"काका, ठिपका का थांबला?"

म्हटलं, "मालक, ठिपक्याला लघवी लागली."

•

नांदेडचा गफूरभाई एकटा असला की कव्वाली म्हणतो, तेवढीच सोबत. कॅमेऱ्याला उघडं तोंड दिसलं की तो त्याला जांभई समजतो आणि कोकलतो. मालकांनी फोन करून विचारलं, झोप येऊन राहिली का? गफूरभाईच्या मनाला लई लागलं.

"छोटे मालिक, वो आलाप था."

तेव्हापासून तो तोंड मिटून कव्वाली म्हणतो. ही काय रीत झाली?

•

एकटा डायव्हर दिसला की वाटेत चोर गाठतात. म्हणून मुरुडच्या ज्ञानोबानं शेजारच्या सीटवर ज्वारीचं पोतं उभं केलं, शाल गुंडाळली, वर कानटोपी घातली. लांबून माणूस वाटावा. मालकांनी कॅमेऱ्यात बघितलं आणि न विचारता पॅसेंजर बसवला म्हणून झाप झाप झापलं.

"मालक, पोतं हाय ते."

"पोत्याला कानटोपी कशाला?"

"थंडी किती हाय!"

•

हे यंदाच्या पौषातलं. ग्वाल्हेरच्या अलीकडं धुकं असं उतरलं की दिवस वर आला तरी समोरचं दिसेना. आधी क्लीनर टॉर्च घेऊन पुढं चालायचा. आता कोण चालणार? पंपावर गाडी लावली.

फोन आला. केळीला गारठा बाधतो, साल काळी पडली की दिल्लीत कुणी विचारत नाही, गाडी हलवा. मी म्हटलं, दिसत नाही. ते म्हणाले, तुमचं वय झालं, माल काळा निघाला तर चावी ठेवा अन् घरी बसा.

ज्यांना ते लहान असताना मी स्टेअरिंगवर बसवून खेळवलं, त्यांचं हे बोलणं. खाली उतरलो.

मागं ताडपत्री कोपऱ्यात फाटली होती, वारं थेट घडांवर. पेंढा सरकवला, पुरेना. मग बायकोनं शिवलेली वाकळ केबिनमधून काढली आणि तिथं कोंबली. अंगातला स्वेटरही कोंबला. सीटवर येऊन काखेत हात घालून बसलो. दात वाजायला लागले.

परत फोन. ह्या खेपेला आवाज खालचा होता.

"काका, कॅमेऱ्यात दिसतंय, तुम्ही थरथर कापून राहिलात. वाकळ कुठाय?"

"केळीवर."

"अन् तुम्ही?"

"मला कुठं दिल्लीत विकायचंय, मालक."