आतेमचं विकतचं गाणं

आतेम मूळचा बोर भागातला. लढाईत गाव सुटलं आणि हा तोंजकडच्या गुरांच्या तळावर येऊन पडला तो तिथलाच झाला. तोंजकडे रेक बोली. म्हणजे जमातीने तेही दिंका, हाही दिंकाच, पण बोली वेगळी; याने तोंड उघडलं की त्यांच्या पोटात गुदगुल्या. म्हणून पठ्ठ्याने रेक असं उचललं की अस्सल रेक माणसानेही गप्प बसावं. आईची बोली उरली ती फक्त बैलाशी बोलायला. बैल हसत नाही ना!

पुढे तळावरची अदाऊ मनात भरली. आता मुलीपुढे आपल्या बैलाच्या स्तुतीचं गाणं गायल्याशिवाय आमच्याकडे कोण विचारतंय? ज्याला जुळवता येत नाही तो दुसऱ्याकडून जुळवून घेतो, त्यात लाज कसली. आतेम गेला वोलकडे. हा वोल तळावरचा गाणी जुळवणारा, अंगाने आळशी, जिभेने तिखट. एक शेळी दिली, गाणं घेतलं, घोकून घोकून पाठ केलं.

अंगाला राख फासून, बैलाच्या शिंगांना गोंडे बांधून स्वारी अदाऊच्या झोपडीपुढे हजर. मुली जमल्या. पहिलं कडवं संपतंय तोच अदाऊची आत्या किंचाळली, "अगं बाई! हे तर गेल्या वर्षी त्या मापेरने गायलं होतं! बैलाचा रंग तेवढा बदललाय मेल्याने!"

मुली हसून लोळायच्या तेवढ्या राहिल्या. परक्या बैलाची स्तुती, तीही आपल्या बैलाच्या तोंडावर! आतेमला मेल्याहून मेल्यासारखं झालं. अदाऊ उठून आत निघाली. ती आत गेली की कारभार आटोपलाच होता.

तेव्हा त्याचं डोकं फिरलं. वोलला, वोलच्या बापाला, त्या शेळीलासुद्धा त्याने गाण्यातच धुऊन काढलं, आणि तेही बोरच्या बोलीत. रागात रेक कुठलं आठवायला! शेवटी बैलाच्या गळ्यात हात टाकून गायला, "तुझी माफी मागतो रे बाबा. तुझ्याशिवाय माझी बोली ऐकून घेणारं इथे आहे कोण?" आणि एवढा दांडगा गडी सगळ्यांदेखत रडला.

हसणं थांबलं. आत्या पुटपुटली, "अर्धं कळलंच नाही बाई मला."

"मलाही नाही," अदाऊ दारातूनच म्हणाली. "उद्या ये रे. न कळलेलं सावकाश म्हणून दाखव. आणि मी हसले, तर मलाही अशाच शिव्या घाल."